अर्थ

हर्णैच्या चढावर, बर्फाच्या कारखान्यासमोर
मुराद परकारचं गॅरेज.
मी सांगत सुटले :
उभी असली की थरथरते.
आरसा, स्टेअरिंग, माझी दाढसुद्धा.
पळताना काही नाही.
पुढे तीन दिवे पेटलेत, इंजिन, बॅटरी, एबीएस.
दापोलीत म्हणाले इंजेक्टर गेले,
बावीस हजार.

त्यानं लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनाला, मूठ कानाला,
आणि डोळे मिटून उभा राहिला
डॉक्टरीणबाई पोटातलं बाळ ऐकतात तसा.
"चारी नीट बोलतायत.
गाडी लावता कुठं?"

जेटीवर. अकरा वर्षं.
मागे नवऱ्याच्या सुरमईच्या पेट्या,
पुढे माझे तपासायचे पेपर.
पेट्या गळतात.

तो बॅटरीखाली वाकला.
एक जाड काळी केबल दोन बोटांनी हलवली,
बोटांवर हिरवी भुकटी.
"मिठानं खाल्लं. अर्थ सुटलाय, बाई.
अर्थ सुटला की सगळेच दिवे खोटं बोलतात."

एकोणीस वर्षं मराठी शिकवते मी.
हाच शेरा लाल पेनानं
किती उत्तरांखाली मारलाय.

पॉलिशपेपरनं घासलं, नट आवळला,
वर बोटभर ग्रीस.
चावी फिरवली.
काटा आठशेवर येऊन बसला,
आरशातली मशीद हलायची थांबली.
एक दिवा गेला. दुसरा गेला.
एबीएस तसाच.

"आणि हा?"
हात पुसत म्हणाला,
"हा खरा आहे. शनिवारी आणा.
तोवर उताराला जपून."

साडेतीनशे रुपये.
घाटी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले.