‘हे’ म्हणजे काय

सेहेचाळीस व्हिडिओ टाकले होते मी
होडीच्या इंजिनावर.
आयटीआयची वर्कशॉप, मागे घरघरता पंखा
आणि माझा आवाज: हे बघा,
हे इथून असं काढायचं,
मग हे त्यात बसवायचं. झालं.

मिरकरवाड्याहून आबिदा सोलकरचा निरोप आला,
बोलून पाठवलेला, मागे मासळीच्या लिलावाची ओरड:
सर, धडा नऊ चार वेळा ऐकला.
‘हे’ म्हणजे काय?

लगेच दुसरा:
आकृतीवर बोट ठेवलं की फोन म्हणतो, इमेज.
पुढची आकृती. इमेज.
चाचणीत म्हणतात लाल बटण दाबा,
आणि वेळ तीन मिनिटं.

दिसत नाही तिला, जन्मापासून.
पण बापाची होडी भगवतीच्या टोकाला वळली
की धक्क्यावरून सांगते,
दुसरा सिलिंडर झोपलाय.
मला हे चालत्या इंजिनावर हात ठेवूनही
कधी कधी कळत नाही.

त्या रात्री धडा नऊ पुन्हा करायला बसलो
तर शब्दच नाहीत.
अठरा वर्षं शिकवत आलो ते बोटाने.
स्क्रू केवढा? एवढा.
कुठे? इथे.

शेवटी कार्ब्युरेटर घरी आणला, वासासकट.
बायकोला पाठमोरी बसवली,
हात मागे घ्यायला लावून एकेक भाग तिच्या बोटांत दिला.
मी सांगायचं, तिने चाचपून शोधायचं.
नऊ वाजतात त्या बाजूला, पितळेचा,
कोकमाच्या बीएवढा, डोक्यावर खाच.
सापडेना.
म्हणाली, चिडू नका, नीट सांगा.
भात करपला त्या दिवशी.

नवा धडा गेला. आबिदाचं उत्तर:
आता कळलं, सर. मी काढला, साफ केला, बसवला.
फक्त कोकमाची बी म्हणू नका,
आमचा स्क्रू करवंदाच्या बीएवढा आहे.

बदललं.

आता देवगडचा मिहीर तारी.
त्याला ऐकू येत नाही, तो खाली उमटणारी अक्षरं वाचतो.
ती मशीन लिहितं. मी म्हणतो गॅस्केट,
मशीन लिहितं, ‘गाय सकट घट्ट आवळा’.
त्याने हसणाऱ्या तोंडाचं चित्र पाठवलंय
आणि खाली एक प्रश्नचिन्ह.

सदतीस धडे उरलेत.
रात्री जेवण झालं की बसतो,
इंजिनातून एकेक गाय
बाहेर काढतो.