कोल्ह्याचा खांब

उर्फाच्या टेकडीवर, पिस्त्याच्या झाडाखाली
रोजदा बापाला सांगते :
आधी भीती होती, बाबा. देव नंतर.
वीज पडली, कुणी मेलं,
तेव्हा कुठे हे दगड उभे राहिले.

खलील चहात साखर ढवळत बसतो.
सव्वीस वर्षं त्यानं इथली माती चाळली;
खांबावरचा कोल्हा
त्याच्याच ब्रशखाली उजेडात आला.
"असेल. पण भ्यालेला माणूस
शेपटीचा झुपका इतक्या निगुतीनं कोरेल?"

ती हसत नाही.
आई तापानं फणफणत होती त्या रात्री
डॉक्टरआधी ह्यानं दुआ मागितली.
दोघंही ते बोलत नाहीत.

अजान होते.
तो उठतो, गुडघा धरून,
आज किंचित उशिरा.

ती त्याच्या ग्लासावर
बशी पालथी घालते.