बावीस, एकेचाळीस, एकोणीस

जानेवारीत घाम येतो, हे दिवाडीत कुणाला खरं वाटणार?
पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी मी उठते,
उशी ओली,
शेजारी दामोदर गळ्यापर्यंत गोधडीत.
पंखा लावला की तो कुडकुडतो,
बंद केला की मी पेटते.
अठरा वर्षांचं लग्न सध्या
रेग्युलेटरच्या दोन आणि तीनमध्ये अडकलंय.

रायबंदरच्या सोसायटीत वीस वर्षं
दुसऱ्यांचे आकडे जुळवणारी मी
हातचा एक विसरू लागले.
एकदा विळीचं नाव आठवेना,
मराठीतही नाही, कोंकणीतही नाही.
नारळ हातात घेऊन उभी,
‘ते गे, बसून कापतो ते.’
मुलगी हसली. मीही हसले,
मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडला.

फेरीबोटीत छाती अशी धडधडली
की कठडा धरला.
एस्मेराल्दा पाटी घेऊन शेजारीच.
आदल्या दिवशी मुडदुशांच्या वाट्यावरून
मी तिच्याशी अशी भांडले होते
की पायरीवरचं कुत्रं उठून गेलं.
‘कितें जालें गे, बाय?’
काही नाही, म्हटलं.
तिनं पाटी खाली ठेवली.
‘म्हाकाय अशेंच जातालें. तेवीस दीस,
मागीर दोन म्हयने कांयच ना.’

म्हणजे तीही मोजत होती.
माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं:
बावीस. एकेचाळीस. एकोणीस.

आई परसात दगडावर बसायची,
मानेवर ओलं फडकं,
कुणी हाक मारली तर भांडी आपटायची.
घरच्यांनी नारळ उतरवला, अंगारा आणला,
काकी म्हणाली, कुठंतरी पाय पडला असेल.
वय कुणी विचारलं नाही.
पंचेचाळीस होतं.
मी मे महिन्यात होईन.

फोंड्याच्या डॉक्टर कारापुरकरांनी वही वाचली
आणि त्या आकड्यांना चूक म्हटलं नाही.
पाळी जायच्या आधी काही वर्षं
असं हेलकावतं, म्हणाल्या.
रक्तदाब घेतला, थायरॉईड तपासायला लावलं.
अर्धशिशी? पायात कधी गुठळी?
घरात कुणाला स्तनाचा कर्करोग?
केरीच्या मावशीला, बासष्टाव्या वर्षी.
अजून आहे, अजून शिव्या देते.
त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं.
मग समजावलं: दंडावर लावायचं जेल,
किंवा पोटावर चिकटवायची पट्टी,
आणि गर्भाशय आहे म्हणून
इस्ट्रोजेनच्या सोबतीला रात्रीची कॅप्सूल.
फायदा काय, धोका काय,
हजार बायकांत कितीजणींना,
सगळं कागदावर.
आकडे मला कळतात.
त्या हजारातली मी कितवी, ते कळत नाही.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून परतताना
खाजनाकडे बघत राहिले.
बाबा मानस सांभाळायचे.
भरतीला दार आपसूक मिटायचं,
ओहोटीला उघडायचं,
फळी कुजली की खारं पाणी भातात.
दार म्हातारं झालं, असं बाबा कधी म्हणाले नाहीत.
फळी बदलायचे.
पण त्याआधी बांधावर विडी ओढत
दोन-चार भरत्या नुसत्या बघायचे,
झिरपतं कुठून ते.
घाईत ठोकलेला खिळा, म्हणायचे,
पाण्याला वाट दाखवतो.

मॅमोग्राफी सोमवारी.
चिठ्ठी फेरीच्या पासामागे घडी करून ठेवलीय.
दामोदरला सांगितलं तेव्हा
तो बराच वेळ पंख्याकडे बघत होता,
मग उठून दुसरी गोधडी काढली, स्वतःसाठी,
आणि बटण तीनवर नेलं.

आज सकाळी एस्मेराल्दानं
मुडदुशांचा वाटा आधीच बाजूला ठेवला होता.
पैसे घेताना हळूच म्हणाली,
‘त्या दोतोरिणीचें नांव दी मगे.’
मासळीच्या कागदावरच लिहिलं.
शाई पसरली.
दुसरा कागद घेतला,
पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात.