शेऱ्याचा रकाना

आरहूसला, बंदराकडे तोंड करून बसलेल्या कचेरीत
सोल्वाय क्राग टॉवेल विकत घेते.
दरसाल चाळीस हजार,
हॉटेलांच्या एका साखळीसाठी.
टॉवेल म्हणजे तिच्या लेखी एक ओळ:
वजन, माप, शुभ्रता, दर.

यंदा वरून नवा तक्ता आला. एकशे बेचाळीस प्रश्न.
पाणी कुठून घेता, कुठे सोडता,
बॉयलरमध्ये काय जाळता,
तुमच्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण,
आणि त्याचा कोण.
तिनं तो जसाच्या तसा पुढे पाठवला,
सोबत नेहमीचं पत्र जोडून:
दरात तीन टक्के कपात अपेक्षित.
दोन्ही एकाच पाकिटात.
तिला त्यात काही वावगं दिसलं नाही.

नाम दिन्हला न्हाननं तो रात्री उघडला,
यंत्रं थांबल्यावर.
एरवी साहेबच बसून भरायचे,
होय होय होय, चहा निवायच्या आत.
या वेळी साहेब आजारी.
सत्त्याऐंशीवा प्रश्न: बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंग?
ती बॅटरी घेऊन मागच्या दारानं गेली,
नाल्याशी उकिडवी बसली, बोटं बुडवली.
पाणी अजून कोमट होतं
आणि साबणासारखं बुळबुळीत.
रंग कळला नाही. तसंच लिहिलं.

शेऱ्याच्या रकान्यात कुणी काही लिहीत नसतं.
तिनं लिहिलं:

बाई, कापूस मुळात इतका पांढरा नसतो.
तुमचा पांढरा आणायला आम्ही तीनदा उकळतो.
दोनदा उकळून येतो तो वाईट नाही,
माझी आई त्यालाच तोंड पुसते.
आणि ते तीन टक्के कशातून काढू, तेवढं कळवा.
पाण्यातून, कोळशातून,
की बॉयलरवरच्या ल्वानच्या पगारातून?

सोल्वायला आधी राग आला.
मग तिनं आपलीच ओळ काढून वाचली.
शुभ्रता: चौऱ्याऐंशी.
चौऱ्याऐंशीच का?
शेजारच्या टेबलाला माहीत नव्हतं. वरच्या मजल्यालाही.
निवृत्त झालेल्या आक्सेलला फोन केला,
तो बागेत होता, म्हणाला,
मी आलो तेव्हापासून आहे तो आकडा,
जुन्या फॉर्मवरून उतरवून घ्यायचो.
जगभर एकशे बेचाळीस प्रश्न धाडले होते तिनं,
आणि कळसा काखेत.

नमुना पोस्टानं आला. दुधावरच्या सायीचा रंग.
हॉटेलवाले म्हणाले, मळका दिसतो.
म्हणाले, पाहुणे तक्रार करतील.
म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.
वाळूच्या टोकावरचं एकच छोटं हॉटेल हो म्हणालं,
तेही, मालकीणबाईंना रंग आवडला म्हणून.
चाळीस हजारांतले चारशे.
तीन टक्क्यांवर तिनं काट मारली
तेव्हा तिला वर बोलावलं गेलं.
काय बोलणं झालं, ते तिनं घरीही सांगितलं नाही.
काट राहिली, चारशेंपुरती.

चारशेंची घाणी लागली त्या दिवशी
न्हान स्वतः बॉयलरपाशी गेली.
दोनदा झालं की काढ, म्हणाली.
ल्वाननं दोनदा विचारलं:
विसरलात तर नाही ना? मागून माझ्या नावावर येईल.
नाही, मागितलंयच तसं.
कुणी?
लांबच्या एका बाईनं.

त्यानं झडप बंद केली,
बादली पालथी घातली, तिच्यावर बसला,
आणि पाऊण तास
हातांचं काय करावं ते न कळून
नाल्याकडे बघत राहिला.