दोन कंठ

सोहारला सव्वीस वर्षं.
हवेचा दाब, स्नायूंचा ताण, दोन समीकरणं;
एवढ्यात मावला बुलबुलाचा गळा.
त्याला दोन कंठ, श्वासनळीच्या फाट्यावर:
एक सूर विझायच्या आत दुसरा लागलेला.
मला एकच, तोही एसीनं बसलेला.

परवा रात्री तीनला पडद्यावरची रेघ हलली.
पक्षी गाढ झोपेत, चोच मिटलेली.
स्नायू मात्र पहाटेची ओळ गिरवत होते
आवाजाशिवाय.

तो आलेख समीकरणात घातला
तर स्पीकरमधून बारीक शीळ आली,
मध्येच अडखळलेली.
परकार चहाचा पेला धरून उभाच राहिला.
"सर, झोपेत चुकला ह्यो."

टेबलावर निवृत्तीचे कागद.
बाहेर खजुरीवर उजाडायला अजून वेळ.
मी आलेखावर तारीख घातली,
चूक खोडली नाही.