पडून राहा

कण्याच्या फोटोवर पेन टेकवत डॉक्टर म्हणाले,
चौथा मणका, पाचवा मणका,
आणि मधली ही चेपलेली गादी.
सायकल विसरा. शक्यतो पडून राहा.

तीस वर्षं मी ड्रॉइंग बोर्डावर वाकून
दुसऱ्यांच्या यंत्रांच्या रेषा ओढल्या,
दिघ्याच्या कंपनीत, कंपनीला टाळं लागेपर्यंत.
आता पडल्या पडल्या पंख्याकडे बघत
पहिल्यांदा स्वतःसाठी एक यंत्र काढलं.
वीजबिलाच्या मागच्या बाजूला, एकास दहा मापात.

गोठिवलीत हसुराम भोईरचं वेल्डिंगचं दुकान.
खिडक्यांच्या जाळ्या, कोंबड्यांचे खुराडे, मांडवाच्या कमानी.
कागद उलटा धरून तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला,
"बाय, याचेव बसाचा का निजाचा?"
मी म्हटलं, दोन्ही.

लेकीची शाळेतली सायकल गॅलरीतून खाली आली.
(फोनवर ती एवढंच म्हणाली, अजून आहे ती?)
पुढचं चाक भंगारातल्या एका पोरसवदा सायकलचं, वीस इंची.
पॅडल गेले चाकाच्याही पुढे,
पाइपाच्या टोकावर, गोगलगाईच्या शिंगांसारखे.
साखळी एक पुरेना. अडीच जोडल्या,
मध्ये लोंबू नये म्हणून सरकत्या दाराचं चाक.
बैठकीला माळ्यावरची निवार, मीच विणली,
दुखऱ्या मणक्यापाशी एक पट्टी मुद्दाम ढिली ठेवून.

पहिला सांधा तिसऱ्या दिवशी उकलला.
हसुरामने त्या चिरेकडे पाहिलं
पोराच्या प्रगतिपुस्तकाकडे पाहावं तसं,
आणि पैसे न घेता पुन्हा काच तोंडावर ओढली.

घणसोलीला खाडीकडे जाणारा एक रुंद रस्ता आहे,
पुढे पूल नाही म्हणून तिथेच संपलेला.
सकाळी सहाला तिथे गाडी शिकणारे असतात,
क्रिकेटवाली पोरं असतात,
त्यांत मी.

उभ्या सायकलचं शहाणपण इथे चालत नाही.
पॅडलवर उभं राहता येत नाही, झुकता येत नाही.
पाठ मागे रेटावी तेव्हा पाय पुढे जातात.
एक पाय वर घेतला
की दुसरा म्हणतो, मी नाही बाई.
पहिल्या दिवशी नऊदा पडले,
डावीकडे सात, उजवीकडे दोन.
(मोजायची खोड नोकरीतली.)
जमीन हाताशीच होती म्हणा,
खुर्चीतून सतरंजीवर यावं इतकंच.

पडून राहणं आणि पडणं:
आपल्याकडे क्रियापद एकच.
डॉक्टरांच्या मनात पहिलं होतं,
माझी सुरुवात दुसऱ्यापासून झाली.

विकेटकीपर पोरगा ओरडला,
"काकू, पायांकडे काय बघताय?
ते तुमचेच आहेत. लांब बघा!"

लांब बघितलं.
बाराव्या दिवशी केव्हा तरी
हँडलची थरथर मनगटातून निघून गेली,
कुठे गेली ते कळलं नाही.
अडीच साखळ्यांचा एकच आवाज होऊ लागला.
एक कुत्रा शेजारून धावत होता, डोळ्याला डोळा भिडवून,
भुंकायचं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं.
हसुरामने बांबूला बांधून दिलेली मांडवाची झालर
डोक्यामागे फडफडत होती.
आणि वर, मान न उचलता,
पंख्याऐवजी
या टॉवरपासून त्या टॉवरपर्यंत विजेच्या तारा:
एकही रेघ सरळ नव्हती,
आणि एकीलाही कुणी खोडलं नव्हतं.

मग रस्ता संपला.
वळायला अजून येत नाही मला,
वळताना टाच चाकाला घासते.
उतरले.
पुढचं चाक उचलून तिचं तोंड घराकडे केलं,
चपलेतला खडा काढला,
निवारीला पाठ लावली.