बांध कोरताना

हिरवं काढायचं, एवढंच काम.
महापे, शेवटचा गाळा, डोक्यावर पत्रा,
रात्रीचे पावणेदोन,
एसीचं पाणी बादलीत थेंब थेंब.

फुटेज आलंय पेनड्राइव्हवर, दाबून दाबून भरलेलं,
गुडघा रोवून चेन लावलेल्या बॅगेसारखं.
उघडलं की सगळ्याला चुण्या.
बिल्डरचा माणूस म्हणाला, "एचडी आहे की!"
आहे.
उजेड आहे ज्या त्या ठिपक्याचा स्वतःचा.
रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एक,
एका सातबाऱ्यावर चार भावांची नावं,
आणि मला त्यातूनच रेघ काढायचीय
की ही कुठे संपते, कापड कुठे सुरू होतं.

ही म्हणजे शाल्मली ठोसर, राहणार कळवा.
उलव्याच्या टॉवरची जाहिरात.
हात पसरून म्हणते, "इथून थेट खाडी दिसते."
मागे रबाळ्याच्या गोदामातलं कापड,
बिनइस्त्रीचं, एका दिव्यावर भागवलेलं,
डावीकडे पोपटी, उजवीकडे शेवाळी.
ती त्याला इतकी खेटून उभी
की गालाला, मानेला, कानाच्या पाळीला
हिरवट झाक.
कावीळ नाही, शेजार.

की सैल सोडली
तर डोक्याभोवती चिलटं घोंगावतात.
घट्ट ओढली तर कुरळे केस
विटांचे होतात, पायरी पायरीने,
मग तेही जातात. बांध कोरला जातो.

रंग तेवढा पुसट करतो, उजेडाला हात लावत नाही.
आत एक मास्क घट्ट, पोटाला भोक पडू नये म्हणून.
कडेला दुसरा, मऊ, केसांपुरता.
स्टँड, कुणाचा तरी कोपर, चहाचा कप
आधीच कुंपणाबाहेर.
कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं,
माणसाला आठ फूट पुढे उभं करा,
कापडाला त्याचा वेगळा दिवा द्या.
शूटिंगच्या आधी मला कुणी विचारत नाही.

बाबांनी विचारलं होतं एकदा, जेवताना,
"रातभर करतंस काय?"
म्हटलं, हिरवं काढतो, तिथे दुसरं काहीतरी बसवतो.
बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला ठेवत म्हणाले,
"आमचा त सिडकोनं कवाच कारला."
आणि हसले.
आई हसली नाही.
आमचं शेत कुठे होतं ते मला पुलाखालच्या
एका खांबावरून दाखवतात. दर वेळी खांब वेगळा.

चार वाजता लक्षात आलं,
ती हात पसरते तेव्हा मनगट नसतं.
तळवा एकटाच खाडीवर तरंगतो.
चुडा. हिरवा चुडा. की त्यालाही कापड समजली.

आवाजाचा ट्रॅक मागे नेला.
टेकच्या आधी कुणीतरी, "मॅडम, बांगड्या काढता का?"
किणकिण.
"नाही हो. सोळाच दिवस झालेत."
मग बराच वेळ नुसता पंखा.
मग, "रोलिंग."

सहा सेकंद. दीडशे चौकटी.
बिलात हे कुठे लिहिणार?
एकेक बांगडी हाताने कोरून परत ठेवली,
काच सरकते तशी तिची चमक सरकवली,
आठव्या सेकंदाला एक जास्तच झाली बहुतेक.
तिला माहीत असेल किती होत्या.

मागे टाकायला बिल्डरने पाठवलेलं चित्र उघडलं,
हिरवळ.
टॉवरभोवती हिरवळ, नारळ, सायकलवर एक मूल
ज्याची सावली चुकीच्या बाजूला.
बसवलं.

बादली भरलीय, ती ओतून आलो.
शाल्मलीच्या कानाच्या पाळीवर
थोडं हिरवं राहिलंय.
पाहिलंय मी.
एक्स्पोर्टला लावलं.